पैसे नाहीत म्हणतात, मग खेळाडू येतात कुठून?

प्रश्न मालवणच्या एका पोराचा. थोडक्यात असा: "काका, मी शाळेत असल्यापासून बार्सिलोनाचा. मेस्सीला ठेवायला पैसे नाहीत म्हणून २०२१ ला त्याला सोडला, आणि वर्षभरात लेवांडोव्स्की, राफिन्या, कुंदे आणले. २०२४-२५ ला तीन करंडक जिंकले. मग ते कर्ज खरं की नाटक? उद्या लामिन यमालवरही तीच पाळी येणार का?" आणि शेवटी त्याने आजोबांचं वाक्य जोडलं होतं. आजोबा रात्री पोराबरोबर टीव्हीसमोर बसतात आणि विचारतात, "पैशे नाय म्हणतत, मगे ह्यो नवो खेळाडू खंयसून हाडलो?"

आजोबांचा प्रश्न तुझ्यापेक्षा नेमका आहे. मी त्याचंच उत्तर देतो.

मी देवगडात २२ वर्षं लोकांचे हिशेब लिहितो. बागायतदार, ट्रॉलरवाले, एक-दोन पतसंस्था. फुटबॉल हे रात्रीचं व्यसन, आणि क्लबांचे ताळेबंद वाचणं हे त्या व्यसनाच्या आतलं व्यसन. बायको म्हणते, दिवसभर लोकांची कर्जं वाचून पोट भरत नाही म्हणून रात्री स्पेनची वाचतोस. खरं आहे. पण खरं सांगू, बार्साची वही मी पहिल्यांदा उघडली तेव्हा मला अनोळखी असं काही दिसलं नाही. आमच्याकडची दहा-बारा गिऱ्हाइकं एकत्र बांधली की बार्सा होते.

पहिल्यांदा 'कर्ज' या शब्दाची भीती घालव. ऑगस्ट २०२१ मध्ये अध्यक्ष लापोर्ता यांनी सांगितलेला आकडा १३५ कोटी युरोंचा होता. युरोचे १०० रुपये धर, म्हणजे हिशेब सोपा जातो. आकडा ऐकून डोळे फिरतात, पण कर्ज नसलेला ट्रॉलरवाला मला दाखव. बोट घेतली की कर्ज आलंच. मी गिऱ्हाइकाला कर्ज किती हे दुसऱ्यांदा विचारतो. आधी विचारतो, हंगामात मासळी कितीची विकली आणि त्यातले खलाशांना किती गेले. लापोर्तांनी त्याच दिवशी दुसरा आकडा सांगितला होता, तो फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. पगारखर्च उत्पन्नाच्या १०३ टक्के. म्हणजे शंभराची मासळी विकायची आणि तांडेल-खलाशांनाच एकशे तीन द्यायचे. डिझेल, बर्फ, जाळी, बँकेचा हप्ता अजून बाकीच. अशी बोट बंदरात बांधून ठेवली तर कमी तोटा होतो. क्लब बांधून ठेवता येत नाही, हीच अडचण.

ही वेळ आली कशी? नेमारपासून धर. ऑगस्ट २०१७ मध्ये पीएसजी या पॅरिसच्या क्लबाने करारातली सुटकेची रक्कम (ती भरली की खेळाडूला सोडावंच लागतं) भरली, २२.२ कोटी युरो, आणि पोरगा पॅरिसला गेला. बार्साच्या हातात एकदम रोकड. आणि सगळ्या युरोपला ठाऊक, की यांच्याकडे पैसा आहे आणि यांना घाई आहे. ज्याने वाशीला माल पाठवलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गरजवंताला भाव समोरचा ठरवतो. डॉर्टमुंडने डेंबेलेचे १०.५ कोटी लावले, वर कामगिरीनुसार आणखी. जानेवारीत लिव्हरपूलने कुटिन्योचे १२ कोटी लावले, त्याच्याही वर आणखी. नेमारचे पैसे दोघांत संपले, उलट खिशातून गेले. आणि २०१९ ला ग्रीझमन, १२ कोटी.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण चाहत्यांची निम्मी भांडणं यातून होतात. खेळाडूला दिलेले १२ कोटी त्या वर्षी खर्च म्हणून वहीत पडत नाहीत. ट्रॉलर घेतला की आपण तो पहिल्याच वर्षी खर्चात घालतो का? नाही, वर्षावर्षाला घसारा लावतो. खेळाडूचंही तसंच, त्याला अमॉर्टायझेशन म्हणतात: किंमत भागिले कराराची वर्षं. ग्रीझमनचा करार ५ वर्षांचा, म्हणजे वर्षाला २.४ कोटी युरो, आणि त्यावर त्याचा पगार वेगळा. म्हणून घेताना काही जाणवत नाही. पहिल्या वर्षी वही हसरीच दिसते. तीन वर्षांत असे चार घेतले की एकेका वर्षावर चार-चार घसारे आणि चार-चार मोठे पगार चढतात, आणि तेव्हा माणूस विकावा म्हटलं तर वहीतल्या किमतीला कुणी घेत नाही. कमी भावात विकला की उरलेला फरक त्याच वर्षी तोटा म्हणून अंगावर येतो. म्हणून न खेळणारे खेळाडू वर्षानुवर्षं पडून राहतात. लोकांना वाटतं व्यवस्थापन आळशी आहे. आळशी नसतं, अडकलेलं असतं. मिरकरवाड्याला असे ट्रॉलर उभे दिसतात बघ, विकले तर बँकेचं फिटत नाही आणि समुद्रात नेले तर डिझेल सुटत नाही.

१४ ऑगस्ट २०२० ची रात्र तुला आठवत असेल. लिस्बन, बायर्न ८, बार्सा २. आमच्याकडे त्या रात्री पाऊस होता आणि मी सहाव्या गोलानंतर आवाज बंद करून बघत होतो. सातवा आणि आठवा कुणी मारला? कुटिन्योने. बार्सानेच त्याला बायर्नला एक वर्ष वापरायला दिला होता. त्याचा घसारा बार्साच्या वहीत चालू, आणि गोल बार्साच्याच जाळ्यात. सगळ्यांना त्या रात्री बचावफळी दिसली, मला तो घसारा दिसत होता. पुढे कुटिन्यो ॲस्टन व्हिलाला २ कोटीला गेला आणि ग्रीझमन फिरून ॲटलेटिकोला, तोही साधारण तेवढ्यालाच. दोघांचे मिळून २४ दिले, ४ परत आले.

२०२० च्याच उन्हाळ्यात आणखी एक प्रकार झाला. तो सांगतो, कारण आमच्या धंद्यात असं कुणी आणलं की मी चष्मा पुसून पुन्हा बघतो. बार्साने २३ वर्षांचा आर्थर युव्हेंटसला ७.२ कोटीला विकला आणि त्यांच्याकडून ३० वर्षांचा प्यानिच ६ कोटीला घेतला. हातात प्रत्यक्ष आले १.२ कोटी. पण वहीत काय झालं? आर्थरची उरलेली किंमत साधारण २ कोटी होती, म्हणजे ५ कोटींच्या आसपास नफा, तोही त्याच वर्षी. प्यानिचचे ६ कोटी मात्र पुढच्या ४ वर्षांत विभागून. दोन्ही क्लबांची वही एका रात्रीत सुधारली आणि मैदानावर काहीच सुधारलं नाही. दोन शेजाऱ्यांनी आपापल्या जुन्या बोटी एकमेकांना चढ्या भावात विकल्यासारखं. या सौद्यात कायदा मोडला असं मी म्हणत नाही. पण खेळाडूंच्या फुगवलेल्या किमतींवरून इटलीत पुढे मोठं प्रकरण झालं आणि २०२२-२३ च्या हंगामात युव्हेंटसचे १० गुण कापले गेले, हे लक्षात ठेव.

मग कोविड. स्टेडियम रिकामं, संग्रहालय बंद, पर्यटक नाहीत. बार्सिलोनाचं शहर आणि क्लब दोन्ही पर्यटनावर जगतात, तारकर्लीसारखंच म्हण. तेव्हाच्या मंडळींनी काय केलं, तर पगार कमी करण्याऐवजी पुढे ढकलले. ऑक्टोबर २०२० मध्ये पिके, टेर स्टेगेन, डी योंग यांचे करार वाढवले आणि त्या वर्षी न दिलेले पगार पुढच्या वर्षांवर चढवले. आठवडाभरात अध्यक्ष बार्तोमेउ राजीनामा देऊन गेले. पगार येणाऱ्याच्या डोक्यावर ठेवून. त्या वर्षाचा तोटा ४८.१ कोटी युरो.

आता मेस्सी. स्पॅनिश लीग प्रत्येक क्लबला हंगामाच्या सुरुवातीला सांगते, की तुम्ही संघावर इतकाच खर्च करायचा: पगार, घसारा, सगळं धरून. ही मर्यादा उत्पन्नावरून ठरते, आणि ती आधी बघितली जाते, नंतर नाही. इंग्लंडमध्ये खर्च करून झाल्यावर हिशेब मागतात आणि मग गुण कापतात. स्पेनमध्ये बसत नसेल तर खेळाडूची नोंदणीच होत नाही. मर्यादेच्या वर असलेल्या क्लबाला तेव्हाचा नियम असा होता, की ४ युरो वाचवा, तेव्हा १ नव्यावर खर्च करा. मेस्सीचा जुना करार ३० जून २०२१ ला संपला होता, म्हणून नियमाच्या दृष्टीने २१ वर्षं क्लबात असलेला माणूस 'नवा' झाला! तो निम्म्या पगारावर तयार होता. लापोर्तांनी आकडे सांगितले: मेस्सीसह पगारखर्च उत्पन्नाच्या ११० टक्के, मेस्सीशिवाय ९५ टक्के. म्हणजे तो फुकट खेळतो म्हणाला असता तरी वही बसत नव्हती. ५ ऑगस्टला क्लबाने जाहीर केलं, ८ ला तो रुमाल घेऊन रडला. आम्ही देवगडात चारजण बघत होतो आणि चौघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

त्याच आठवड्यात एक दार उघडं होतं, हे फार कमी लोक सांगतात. लीगने सीव्हीसी नावाच्या गुंतवणूकदाराशी करार केला होता: क्लबांना आत्ता रोकड, बदल्यात टीव्हीच्या उत्पन्नातला वाटा, ५० वर्षं. लापोर्ता म्हणाले, अर्ध्या शतकासाठी क्लब गहाण टाकणार नाही. रेआल माद्रिद आणि ॲथलेटिक बिल्बाओही नाही म्हणाले. मला तेव्हा लापोर्ता आवडले. आणि वर्षभरात, जून २०२२ मध्ये, त्यांनीच लीगच्या टीव्ही उत्पन्नाचे १० टक्के अमेरिकेच्या सिक्स्थ स्ट्रीटला २०.७५ कोटींना विकले, जुलैत आणखी १५ टक्के. एकूण चौथा हिस्सा, २५ वर्षांसाठी.

इथे मी तुला देवगडला आणतो, कारण ही गोष्ट मी माझ्या टेबलावर पाहिली आहे. बाग कराराने देतात हे तुला ठाऊक आहे. एका वर्षाचा सौदा मोहोर बघून होतो, तो ठीक. माझं एक गिऱ्हाईक होतं, चांगली जुनी कलमं, रस्त्याला लागून. घर बांधायचं आणि मुलीचं लग्न, म्हणून त्याने ५ वर्षांचे पैसे एकदम उचलून बाग दिली. पहिल्या वर्षी माणूस राजा. घराला ग्रॅनाईट, दारात गाडी. मी वहीत ती सगळी रक्कम मिळकतीत दाखवायला तयार नव्हतो, त्यावरून आमचं वाजलंही. तिसऱ्या वर्षी जानेवारीत तो माझ्याकडे आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "यंदा मोहोर बरो इलो हा." मी म्हटलं, छान. मग दोघेही गप्प. मोहोर त्याचा नव्हता. आणि करारदाराने कल्टार, म्हणजे मोहोर आणायचं औषध, असं ओतलेलं, की पाच वर्षांनी कलमं हातात आली ती दमलेली. तिसऱ्या वर्षीचा तो चेहरा मी विसरलो नाही. बार्साचा २०४७ पर्यंतचा मोहोर चारातून एक असा गेलाय. लीगकडून टीव्हीचे वर्षाला १५-१६ कोटी येतात, त्यातले ४ च्या घरात दरवर्षी बाहेर जाणार. यमाल चाळिशीला येईल तोवर.

आता आजोबांना उत्तर दे: नवो खेळाडू थंयसून हाडलो. लेवांडोव्स्की ४.५ कोटी, कुंदे ५ कोटी, राफिन्या ५.८ कोटी. आणि लीगने ठरवलेली संघखर्चाची मर्यादा बघ कशी उड्या मारते. सप्टेंबर २०२१ ला सुमारे ९.८ कोटी. मार्च २०२२ ला उणे १४.४ कोटी, होय, उणे. सप्टेंबर २०२२ ला बाग विकल्यावर ६५.६ कोटी. आणि सप्टेंबर २०२३ ला पुन्हा २७ कोटी. धंदा असा वर्षात साडेसहापटीहून जास्त वाढून दुसऱ्या वर्षी निम्म्याहून खाली येत नाही. हा उचलीचा आलेख आहे. खलाशी ऑगस्टात बोटीवर चढण्याआधी उचल घेतो तेव्हा तोही आठवडाभर श्रीमंत असतो.

तरी मी त्यांना पूर्ण चूक म्हणणार नाही. २०२२-२३ ला लीग जिंकली. राफिन्याला मी स्वतः दोन वर्षं शिव्या घातल्या, आणि २०२४-२५ ला त्याने ३४ गोल मारले. लेवांडोव्स्कीने त्याच हंगामात ४२. ४.५ कोटी भागिले ४ वर्षं, म्हणजे वर्षाला सव्वा कोटीही घसारा नाही. पैसा खेळाडूवर नीट लागला. पण उचलीने आलेल्या पैशावर चार वर्षांचे करार लिहिले, हे मी केलं नसतं.

दुसरी विक्री मात्र मला पहिल्या दिवसापासून खटकली. बार्सा स्टुडिओज या दृक्‌श्राव्य कंपनीचे जवळजवळ निम्मे हिस्से ऑगस्ट २०२२ मध्ये दोन खरेदीदारांना मिळून २० कोटींना विकले. नफा लगेच वहीत, पैसे हप्त्याने येणार. आणि हप्ते आलेच नाहीत पुरते. बोटवाल्यांच्या वहीत डिझेल परतावा 'येणे' म्हणून दिसतो ना, तसा. वही भरलेली, पंपावर उधारी. शेवटी लेखापरीक्षक म्हणतो, बाबा, हे येणार नाहीत, खाली लिहा. २०२३-२४ ला बार्साला तशी १४.१ कोटींची तरतूद करावी लागली आणि नेहमीच्या कारभारात थोडा नफा असूनही वर्ष ९.१ कोटी तोट्यात गेलं. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, तर अशा विक्रीला कमाई म्हणायलाच नकार दिला आणि जुलै २०२५ मध्ये १.५ कोटींचा दंड लावला. युएफाच्या नियमात मुद्दा साधा आहे: जमीन विकून आलेले पैसे हे शेतीचं उत्पन्न नव्हे. आमच्या तालुक्यात हे शेंबडं पोरही सांगेल.

ओल्मो या खेळाडूच्या नोंदणीचा गोंधळ याच वाटेवरचा पुढचा थांबा. ऑगस्ट २०२४ मध्ये लाइपझिगहून आणला, मर्यादेत बसेना, दुसऱ्या खेळाडूच्या दुखापतीच्या सवलतीत ३१ डिसेंबरपर्यंत नोंदला. पुढे? तर बार्साचं मैदान कॅम्प नोऊ नव्याने बांधतायत, त्यातल्या खास कक्षांचे हक्क काही दशकांसाठी १० कोटींना विकले. स्टेडियम अजून बांधून व्हायचं होतं. कागद वेळेत पोचले नाहीत, नोंदणी गेली, आणि ८ जानेवारी २०२५ ला सरकारच्या क्रीडा परिषदेने तात्पुरती परवानगी दिली म्हणून तो खेळला. चाहत्यांना हे कटकारस्थान वाटतं. मला यात मार्च अखेरीला रात्री अकराला फोन करणारं गिऱ्हाईक दिसतं: "काका, ती पावती उद्या आणून देतो, आज धरा."

पतसंस्थेची गोष्ट राहिली. तू लिहिलंस की 'मालक' पैसे का घालत नाही. मालक नाही. बार्सा सभासदांची आहे, लाखाहून जास्त सभासद. १९९० च्या स्पॅनिश कायद्याने बहुतेक क्लबांना कंपनी व्हावं लागलं, चारच तसे राहिले: बार्सा, रेआल माद्रिद, ॲथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना. म्हणून टीव्हीचे हक्क विकायलाही सर्वसाधारण सभा घ्यावी लागली, १६ जून २०२२ ला. सभा कशा चालतात हे मी तुला काय सांगू. अहवाल वाचलेला माणूस तिथेही शोधावा लागत असेल. एक गोष्ट मात्र आमच्या पतसंस्थांनी उचलावी अशी होती. निवडून आलेल्या मंडळाला खर्चाच्या अंदाजपत्रकाच्या १५ टक्के इतकी वैयक्तिक हमी द्यावी लागे. लापोर्तांच्या मंडळाने मार्च २०२१ मध्ये १२.४६ कोटी युरोंची बँकहमी उभी केली, तीही शपथेच्या आदल्या रात्री धावपळ करून. आमच्याकडे संचालकाकडून असली हमी मागितली तर निवडणूक बिनविरोध होईल, उमेदवारच नसल्यामुळे.

जाता जाता तू विचारलंस की गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर असं काही का उभं राहत नाही. लांबचा विषय, थोडक्यात सांगतो. गोव्यात क्लब कमी नव्हते. देंपोने राष्ट्रीय लीग ५ वेळा जिंकली. पण ते घराण्याच्या खिशावर चालले, दारावरच्या तिकिटावर आणि टीव्हीवर नाही. २०१६ ला देंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब तिघेही भारतीय महासंघाशी पटेना म्हणून आय-लीगमधून बाहेर पडले, आणि एका झटक्यात विषय संपला. आयएसएलचंही मूळ तेच. २०१० चा १५ वर्षांचा करार, महासंघाला वर्षाला ५० कोटी रुपये, सगळा डोलारा त्या एका खांबावर. तो करार संपत आला तेव्हा नव्या निविदेला एकही बोली आली नाही. बार्साला विकायला निदान बाग तरी होती.

आता यमाल. तो २००७ चा, सातव्या वर्षी ला मासिया या क्लबाच्या शाळेत आला, पंधराव्या वर्षी पहिल्या संघात. वहीत त्याची खरेदी किंमत शून्य. घसारा शून्य. कुबार्सी, बाल्दे, फर्मिन, गावी, सगळे असेच किंवा जवळपास फुकट आलेले. कंगाल क्लबाने २०२४-२५ ला रेआलला चारही सामन्यांत हरवलं, लीग, कोपा आणि सुपरकोपा घेतला, त्याचं खरं आर्थिक कारण हे आहे. प्रशिक्षक हान्सी फ्लिकने पैसे नसल्याची तक्रार केली नाही, रोपवाटिकेत गेला. मेस्सीही तसाच आला होता, डिसेंबर २००० मध्ये, कागदी रुमालावर लिहिलेल्या वचनावर. तो रुमाल २०२४ मध्ये ७ लाख ६२ हजार पौंडांना विकला गेला. क्लबाला त्यातलं काही मिळालं नाही, हेही बार्सालाच शोभतं.

यमालला विकतील का? मला नाही वाटत, आणि हे मी चाहता म्हणून बोलत नाही. त्याचा करार २०३१ पर्यंत आहे, सुटकेची रक्कम १०० कोटी युरो. नेमारच्या करारातली २२.२ कोटींची रक्कम कुणी भरेल असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं, त्यातून एवढं तरी शिकले. विकली जातील ती मागच्या रांगेतली पोरं, कारण फुकट वाढवलेल्या खेळाडूची विक्री म्हणजे अख्खी रक्कम नफा. मार्क गिऊ २०२४ मध्ये चेल्सीला ६० लाख युरोंना गेला तसे. तू अशा पोरांच्या नावाने हळहळतोस, मला त्या प्रत्येकात राफिन्याचा एक हप्ता दिसतो. यमालचा धोका दुसरीकडे आहे: पगार. एकाचा पगार वाढला की बाकीचे दहा दारात उभे राहतात. तांडेलला पाच हजार वाढवून बघ, संध्याकाळपर्यंत सगळी बोट येते. मेस्सीच्या काळात पगारखर्च असाच चढला, एकट्या मेस्सीमुळे नाही.

तर यापुढे बातमी वाचताना 'अमक्याला इतक्या कोटींना घेतलं' यावर थांबू नकोस. ऑक्टोबरात क्लब आकडे जाहीर करतो, तेव्हा एकच ओळ बघ, पगार आणि घसारा मिळून उत्पन्नाच्या किती टक्के. २०२४-२५ ला उत्पन्न ९९.४ कोटी झालं, कोविडच्या आधीच्या ९९ कोटींच्या पुढे, तेही स्वतःचं मैदान नसताना. दोन हंगाम माँजुईकच्या डोंगरावरच्या ऑलिंपिक स्टेडियमवर काढले. तरी वर्ष १.७ कोटी तोट्यात. त्या मे महिन्यात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात मिलानला ९३ व्या मिनिटाला इंटरच्या आचेर्बीचा गोल झाला नसता, तर फायनलचे १.८५ कोटी युरो आले असते आणि तोटा भरून निघाला असता. त्या गोलाच्या वेळी मी पेट्या भरणाऱ्या माणसांना सकाळी किती वाजता बोलवायचं याचा फोन घेत होतो. फोन ठेवला तर ३-३. अतिरिक्त वेळ बघितलाच नाही, पहाटे पाचला गाडी भरायची होती.

२२ नोव्हेंबर २०२५ ला कॅम्प नोऊ अर्धंमुर्धं उघडलं, ४५ हजारांच्या आसपास माणसं, वरचा मजला अजून सिमेंटचा सांगाडा. ॲथलेटिकला ४-० हरवलं, पहिला गोल चौथ्या मिनिटाला लेवांडोव्स्कीचा. त्या बांधकामासाठी १४५ कोटी युरो उभे केलेत, जुन्या कर्जाहून वेगळे. पूर्ण झालं की १ लाख ५ हजार बसतील. ते कर्ज मला फारसं घाबरवत नाही. जेट्टीसाठी घेतलेलं कर्ज आणि खलाशांच्या पगारासाठी घेतलेलं कर्ज, दोन्ही बँकेत एकाच रकान्यात पडतात, पण मी ती वेगळ्या शाईने लिहितो. आजोबांना तेवढं सांग, आणि पुढचा एल क्लासिको, रेआलविरुद्धचा सामना, त्यांच्याबरोबर बघताना मला फोन कर. साडेबाराला जागाच असतो.